सरकारी तलावावरचं आवळीभोजन

सरकारी तलावाच्या काठी धमाका झाला आणि पाण्यावरची सगळी बदकं एकदम आकाशात गेली, तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि हातात कणकेचा गोळा धरून उभी होते. तो गोळा माझ्या हातून कुठे पडला, ते मला आजतागायत सांगता आलेलं नाही. गल्लीतल्या बायका म्हणतात, ही बाई ती हकीकत दर वर्षी वाढवून सांगते. म्हणू देत. मी एक अक्षर वाढवलेलं नाही. उलट दोन-तीन गोष्टी ऐकणाऱ्याला झेपणार नाहीत म्हणून गाळतच आले. आता पंचेचाळिशी उलटली, ज्यांना लाज वाटायची ती माणसं देवाघरी गेली, तेव्हा त्याही सांगून टाकते.

अंबाजोगाईहून घाटनांदूरच्या वाटेला लागलं की दोन कोसांवर तो तलाव लागायचा. त्याला लागून सरकारी बाग. बाग म्हणजे दगडी कुंपण, आंब्या-चिंचांची गर्द सावली, साहेबलोकांना उतरायला एक बंगली आणि अगदी पाण्याजवळ एक जुनी, डेरेदार आवळी. फाटकाला कायम कुलूप. हिवाळ्यात पाण्यावर बदकं उतरली की अंमलदार आणि त्यांचे हैदराबादकडचे मेहमान सैर-शिकारीला यायचे, नावेतून फिरायचे, बंगलीत गाणं-खाणं व्हायचं. आम्ही रयतेनं गाडीतून जाता-येता कुंपणावरून माना उंच करून बघायचं. मी सासरी आल्यापासून दोन वर्षांत त्या बागेचं जेवढं बघितलं होतं, तेवढं एका बैलाच्या शिंगांमध्ये मावत होतं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, तहसील कचेरीत पेशकार होते. घरात त्यांचा आवाज माडीपर्यंत जायचा, पण तहसीलदारसाहेबांसमोर ते खोकलासुद्धा गिळायचे. आमचे हे त्या वेळी वकिली शिकायला हैदराबादला होते. घरातली चूल, ह्यांचं शिक्षण, धाकट्या वन्संचं ठरत आलेलं लग्न, सगळं त्या पेशकारीवर उभं होतं. मामंजींनी तिच्याइतकं कशालाच जपलेलं मी पाहिलं नाही. सासूबाईंनाही नाही.

अशा माणसानं बाग मागण्याची अर्जी केली, हा पहिला धक्का.

झालं असं, की आमच्या गल्लीची आवळी त्या पावसाळ्यात वादळानं पडली. कार्तिकात आवळीखाली बसून जेवायचं हा बायकांचा नेम. आता झाड कुठून आणायचं? गल्लीतल्या बायकांनी सासूबाईंना धरलं, सासूबाईंनी मामंजींना धरलं. मामंजींनी आठ दिवस ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि नवव्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन पगडी काढता काढता म्हणाले, "सूनबाई, तुमच्या सासूबाईंना सांगा, बाग मिळाली. एक दिवस."

सासूबाई तीन हातांवर बसल्या होत्या. पण चारचौघांत काय, सुनेसमोरही नवरा-बायकोनं थेट बोलायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. मी बिचारी मधल्यामध्ये डाकेचा घोडा.

"मामंजी म्हणतात बाग मिळाली," मी सासूबाईंना म्हणाले.

"ऐकलं मी. बहिरी नाही," सासूबाई म्हणाल्या. "विचार, फुकट मिळाली का?"

फुकट नव्हती मिळाली. मामंजींनी मुचलका लिहून दिला होता. तो त्यांनी आम्हाला दोनदा वाचून दाखवला, दुसऱ्यांदा जरा कापऱ्या आवाजात. झाडाची डहाळी मोडायची नाही. गवतावर चूल पेटवायची नाही. पाण्याकाठच्या रेतीत एक खड्डा, एकच, आणि त्यातच काय तो विस्तव. फटाका, बार, बंदुकीची दारू यांतलं काही आत न्यायचं नाही. दिवस मावळायच्या आत फाटकाबाहेर. आणि शेवटी, यातलं काही मोडलं तर पेशकारीवर माझा हक्क राहणार नाही, खाली सही.

दिवाळी नुकतीच झाली होती, तेव्हा फटाक्यांची अट समजण्यासारखी होती. पण खरं कारण वेगळं होतं. त्याच दिवशी साहेब एका बड्या मेहमानाला घेऊन पलीकडच्या काठाला बदकांसाठी बसणार होते. आणि शिवाय ते दिवस तिकडे इंग्रजी मुलखात बाँब फुटण्याचे होते. आमच्याकडे कुणी अंगणात पत्र्याचा डबा पाडला तरी चार माणसं चौकशीला यायची.

आता सासूबाईंचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सासूबाईंचं सोवळं म्हणजे गल्लीचं मोजमाप होतं. दुसऱ्या घरी काही शंका आली तर "पेशकारीणबाईंना विचारा" म्हणायचे. विहिरीवर आपल्याआधी कोण येऊन गेलं ते त्या दोराच्या ओलीवरून ओळखायच्या आणि मग पाणी घ्यायचं की नाही ते ठरवायच्या. बाजारची साखर त्यांना चालायची नाही. एकदा माझ्या ओल्या सोवळ्याच्या लुगड्यावरून मांजर गेलं, तर मला कार्तिकातल्या पहाटे दुसऱ्यांदा न्हायला लावलं. गल्लीत त्यांच्या तोडीची एकच, शेजारच्या शास्त्रीणबाई. दोघींमध्ये एक मुकी शर्यत सतत चालू असायची आणि सासूबाई नेहमी हातभर पुढे.

ठरल्या दिवशी सात गाड्या निघाल्या. फाटक उघडलं आणि आम्ही बायका आत गेलो, त्या क्षणाचं मी काय सांगू! ज्या बायकांना मी घरात कधी पाऊल वाजवताना ऐकलं नव्हतं, त्या गवतावरून पळत सुटल्या. दोन मुलांची आई असलेली एक चिंचेच्या फांदीला दोर बांधून झोक्यावर उभी राहिली आणि "अजून उंच! अजून उंच!" म्हणून ओरडायला लागली. पुरुष मंडळी कमरेला वाळके भोपळे बांधून पाण्यात उतरली. शास्त्रीबुवांचं पोट आणि भोपळे यांत पोट कोणतं ते लांबून ओळखू येईना. मी सगळीकडे बघत होते आणि माझं तोंड मिटत नव्हतं. पलीकडच्या काठाला, लव्हाळ्यांच्या आडोशाला, साहेबांची नाव दिसत होती. मधल्या पाण्यावर बदकंच बदकं, जशी कुणी काळी-पांढरी रांगोळी टाकली होती.

जेवणाचा बेत रोडग्यांचा. मराठवाड्याबाहेरच्या कुणी वाचलं तर म्हणून सांगते: जाड कणीक, जिरं, ओवा आणि तुपाचं मोहन घालून मळायची, मुठीएवढे गोळे करायचे, खड्ड्यात गोवऱ्या पेटवून लाल निखाऱ्यांचा आर पाडायचा, गोळे त्या आरात पुरायचे. राख झटकून फोडले की आत तूप ओतायचं. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. ते खाऊन उठणाऱ्या माणसाला हात धरून उठवावं लागतं.

सासूबाई आवळीच्या एकशे आठ प्रदक्षिणा घालायला लागल्या आणि जाताना मला म्हणाल्या, "आराचा खड्डा खणून ठेव. रेतीतच. गवताला धग लागली तर मामंजींच्या पोटावर लागेल, ध्यानात धर."

मी खुरपं घेतलं. ओढा जिथे तलावाला मिळतो तिथे रेतीचा पट्टा होता. वरून रेती, पण चार बोटं खाली गाळ कडक. मी दोन ठिकाणी खुरपं मारलं, हात झिणझिणले. तिसरीकडे बघते तर रेती अशी भुसभुशीत, की कुणी माझ्यासाठीच उकरून ठेवली असावी! मी देवाचे आभार मानले, वीतभर खोल, परातीएवढा रुंद खड्डा केला, गोवऱ्या रचल्या, पेटवल्या आणि कणकेचे गोळे वळायला घेतले. मनात म्हटलं, सासूबाई बघतील तर म्हणतील, पोरगी कामाची आहे.

एकशे आठवी प्रदक्षिणा संपवून सासूबाई आल्या. हातात हळदीकुंकवाचं तबक. त्यांनी धुराकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं आणि तबक वाकडं झालं. कुंकू पायावर सांडलं तरी त्यांचं लक्ष नाही.

"हा इथे का खणलास?"

"रेती मऊ होती, सासूबाई."

"विझव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पेटवलेला आर पाण्यानं विझवायचा? सणाच्या दिवशी? "अहो, पण..."

"विझव म्हणते ना! पाणी ओत!"

एवढ्यात मामंजी आले. सोवळं नेसून, अंग पुसत, कधी नव्हे ते हसत. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाठ केली आणि मला सांगितलं, "मामंजींना सांग, ही जागा ओवळी आहे. दुसरा खड्डा खणायचा."

"दुसरा?" मामंजींचं हसू गेलं. "सूनबाई, त्यांना सांगा, मुचलक्यात एकच खड्डा आहे. सहीनिशी. दुसरा खणला तर उद्या मी घरी बसेन."

"सांग, घरी बसावं लागलं तरी चालेल, पण हा विझवा!"

मामंजी थिजले. मीही. ज्या बाईनं पेशकारीसाठी बावीस वर्षं पहाटे चारला चूल पेटवली, ती हे बोलते? शास्त्रीणबाई झोका द्यायचा सोडून जवळ आल्या. "ओवळी कशी हो? कुणी विटाळली?" असं अगदी गोड आवाजात त्यांनी विचारलं.   आणि तेवढ्यात माझी नजर फाटकाकडे गेली. बागेच्या माळ्याची बायको, जी रोज सकाळी आमच्याकडे दुर्वा-फुलं घेऊन यायची, ती चिंचेआडून आमच्या सासूबाईंना दोन्ही हातांनी काहीतरी खुणा करत होती. डोळे विस्फारलेले. मी म्हटलं, हिला काय झालं? भूत दिसलं की काय?

सासूबाईंनी खाली वाकून कळशी उचलली. आणि तेव्हाच तो झाला.

धडाम!

निखारे माणूसभर उंच उडाले. राखेचा ढग. काचेचा एक तुकडा माझ्या कानाजवळून सूं करत गेला. मग दुसरा बार, मग लगेच तिसरा आणि चौथा. बायका किंचाळत आवळीमागे, काठावर अंग पुसणारे शास्त्रीबुवा पाण्यात. झोक्यावरची झोक्यावरच अडकली आणि तशीच झुलत "मेले, मेले" म्हणत राहिली. आणि वर, सगळ्या तलावावरची बदकं! पाणी फाटल्यासारखा आवाज करत उठली, सूर्यासमोरून सावली गेली, आणि घाटाच्या दिशेनं निघून गेली. पाणी रिकामं. कुणीतरी पाटी पुसावी तसं.

पाचवा बार सगळं शांत झाल्यावर एकटाच वाजला. त्यानं शास्त्रीबुवा दुसऱ्यांदा पाण्यात पडले.

देवाची कृपा, रोडगे अजून परातीत होते आणि कुणाला ओरखड्यापलीकडे काही झालं नाही. पण मामंजींकडे कुणाला बघवेना. ते पाण्याकडे बघत होते. पलीकडच्या काठाची नाव सुटली होती आणि सरळ आमच्याकडे येत होती.

ती नाव यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी मनातल्या मनात ह्यांना हैदराबादहून परत आणलं, वन्संचं लग्न मोडलं आणि घरातली तांब्याची भांडी विकली.  फक्त वल्ह्यांचा आवाज.

नावेतून आधी साहेब उतरले, मग मेहमान. मेहमानांच्या हातात बंदूक, कोटावर चिखल, चेहरा असा की बदकांऐवजी आता आमच्यावरच नेम धरतील. आम्ही बायका पदर ओढून झाडामागे.

"पेशकारसाब," साहेब हळू आवाजात म्हणाले. हळू बोलणारा अंमलदार फार वाईट. "ये क्या था? बम?"

"सरकार, मला... मुझे कुछ मालूम नहीं, सरकार."

"बारूद अंदर कौन लाया?"

"कुणी नाही सरकार. देवाची शपथ."

"मुचलका किसने लिखा?"

"मी सरकार."

"तो कल से कचेरी आने की ज़रूरत नहीं." साहेबांनी बुटाच्या टोकानं खड्ड्यातली राख उकरली. "और ये गड्ढा किसने खोदा, ये तो अमीनसाब पूछेंगे."

अमीन म्हणजे पोलिसांचा.  गड्ढा मी खोदला होता! मी आवळीच्या बुंध्याला धरलं. आता सांगावं, की मरावं, एवढाच विचार. 

आणि माझ्या शेजारून सासूबाई पुढे झाल्या.

त्या परपुरुषासमोर जन्मात कधी बोलल्या नव्हत्या. म्हणून त्यांनी साहेबांकडे पाठ केली, तोंड आवळीकडे केलं, हात जोडले आणि झाडाला सांगितलं. पण असं खणखणीत, की पलीकडच्या काठाला ऐकू जावं.

"हे आवळीमाते, तुझ्यापाशी खोटं बोलणार नाही. त्या सोड्याच्या बाटल्या होत्या. गोळीच्या. छावणीतल्या दुकानातल्या. पाच होत्या आणि त्या माझ्या होत्या. गार राहाव्यात म्हणून ओल्या रेतीत पुरून ठेवल्या होत्या. खड्डाही मीच खणायला सांगितला. ह्यांना काही ठाऊक नाही."

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी पाहिल्या. महापूर पाहिला, प्लेग पाहिला. पण त्या वेळी आमच्या गल्लीच्या तोंडावर जो भाव होता, तसा मी पुन्हा पाहिला नाही. सोड्याची बाटली! छावणीतली! कुणी भरलेली, कुणी तोंड लावलेली, कुणाच्या पाण्याची! आमच्याकडे सोडा प्यायलेला माणूस घरात शिरताना चूळ भरून यायचा, आणि ही पेशकारीणबाई! शास्त्रीणबाईंचे हात गालांवर होते आणि तोंड एवढं उघडं, की बत्तीस मोजून घ्यावेत.

मामंजींनी बायकोच्या पाठीकडे पाहिलं, मग राखेकडे, मग परत पाठीकडे.

साहेबांना मराठी चांगली कळायची. पण ते काही दूधखुळे नव्हते. "पाच बोतल सोडा, पेशकारसाब की बेगम के लिए?" ते म्हणाले. "सबूत?"

सबूत तर फुटून तलावभर झालं होतं. सासूबाई झाडाकडेच तोंड करून उभ्या. 

"सबूत हाय, सायेब!"

माळीण पुढे आली. तिचा नवरा "गप बस... गप गं!" म्हणत तिचा पदर ओढत होता, तो तिनं हिसकला. "येक हाय. वढ्यात धोंड्याखाली. म्याच ठिवली."

सासूबाई झाडाकडे बघायचं विसरल्या. गर्रकन वळल्या. "पाच म्हणाली होतीस ना गं मला?"

"तुमच्या पाचच आनून पुरल्या की म्या. ही माजी सहावी." माळीण खाली बघून म्हणाली. "आक्का, तुमीच म्हनला व्हता, पोटातला वारा मोकळा व्हतो. माज्याबी पोटात लई वारा धरतो. म्हून दर बारीला येक..."

"दर वेळेला?" सासूबाईंचा आवाज चढला. म्हणजे हे एकदाच नव्हतं! हे कळलं तेव्हा मामंजी आवळीच्या पारावर बसले.

बाटली आली. हिरवट काच, तोंडात गोळी, थेंब निथळणारी. साहेबांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली, गोळीवर अंगठा ठेवला आणि दाबला. काही नाही. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. चेहरा लाल. नोकरानं उघडून दिलेली प्यायची सवय. गोळी कशी दाबतात ते त्यांनी कधी पाहिलंच नसावं. मेहमानांनी बंदूक काखेत धरून प्रयत्न केला, तर हात सटकून नख दुखावलं. मामंजींकडे दिली, तर त्यांनी ती दोन बोटांत अशी धरली, की जणू साप.

"सायेब, आक्कांकडं द्या," माळीण म्हणाली.

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. त्या चालत गेल्या, नवऱ्याच्या हातातून बाटली घेतली, डावी मूठ आवळून बाटली पोटाशी धरली, उजव्या हाताच्या अंगठ्याचं बूड गोळीवर टेकवलं आणि कुणाकडे न बघता एक झटका दिला.

ठप्प!

एक थेंब सांडला नाही. फेस वर आला, तो त्यांनी अंगठ्यानंच अडवला. ही एका दिवसाची विद्या नव्हे! जन्मभर ताक घुसळून मनगट तयार व्हावं, तसा तो अंगठा तयार झाला होता. बाँबच्या आवाजानं जेवढी गल्ली हादरली नसेल, तेवढी त्या ठप्पानं हादरली.

मग त्यांनी पाठ फिरवली, मान वर केली आणि बाटली रिकामी केली. सगळी. एका दमात, गोळी आत खुळखुळत असताना. रिकामी बाटली माझ्या हातात दिली आणि त्यांना ढेकर आली. तो आवाज कागदावर उतरवणं मला जमणार नाही. एवढंच सांगते, की झोक्यावरची बाई तो ऐकून खाली उतरली.

मेहमान आधी हसले. पोट धरून. मग साहेब. हसता हसता साहेबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "पेशकारसाब, कल वक़्त पे कचेरी आना. बदकें तो गईं, पर ऐसा तमाशा हैदराबाद में भी नहीं देखा." नावेत बसेपर्यंत दोघं एकमेकांना अंगठा दाखवून दाखवून हसत होते.

पेशकारी वाचली. मला वाटलं आता सगळे ओरडतील, नाचतील. पण नाव लांब गेली आणि एकेक बाई सासूबाईंपासून दोन पावलं मागे सरकली. माझ्या ध्यानात आलं: मामंजींची खुर्ची वाचवायला सासूबाईंनी स्वतःची सगळी पत तिथे रेतीत ओतली होती. त्यांनाही ते ठाऊक होतं. त्या मुकाट्यानं काचा वेचत होत्या.

आम्ही त्याच खड्ड्यातल्या काचा काढून, राख उपसून पुन्हा तिथेच आर पाडला. गोळे पुरले. रोडगे झाले. पत्रावळी मांडल्या, पुरुषांची पंगत बसली. आणि वाढायची वेळ आली तेव्हा शास्त्रीणबाई, पुन्हा तोच गोड आवाज, म्हणाल्या, "सूनबाई, तू वाढ गं. त्यांना जरा बसू दे. आता प्रायश्चित्त होईपर्यंत..." पुढचं बोलायची गरज नव्हती. सासूबाईंनी तुपाची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि लांब, झाडाच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. आमच्या गल्लीत एकदा पंगतीत वाढायचं बंद झालं, की त्या बाईचं हळदीकुंकू बंद, विहीर बंद, सगळं बंद.

मी वाटी उचलली. पहिली पत्रावळ मामंजींची. मी वाकले, तर त्यांनी पत्रावळीवर आडवा हात धरला.

"तुम्ही नको."

मग त्यांनी मान वर केली आणि, मी शपथेवर सांगते, माझ्यामार्फत नाही, कुणामार्फत नाही, थेट झाडापलीकडे बघून, सगळ्या गल्लीदेखत म्हणाले, "अगं, वाढ."

अगं! मला वाटलं जमीन सरकली. सासूबाई जागेवरून हलेनात. "वाढ म्हणतो ना," मामंजी म्हणाले. "भूक लागली आहे."

सासूबाई आल्या. तुपाची धार रोडग्यावर पडण्याऐवजी पत्रावळीच्या कडेवर गेली. मामंजींनी रोडगा फोडला आणि खाल्ला. मग त्यांनी पंगतीकडे बघितलं. त्यांनी मागितलेली बाग, त्यांचा मुचलका, यजमान ते. त्यांनी पहिला घास घेतला होता. आता उठायचं तर पंगत मोडून, यजमानाचा अपमान करून उठावं लागणार. शास्त्रीणबाई मागून खुणावत होत्या. एक गृहस्थ चुळबुळले, तांब्याकडे हात नेला, पण शेजारी कुणी उठेना, म्हणून परत बसले. शास्त्रीबुवा दोनदा पाण्यात पडून आलेले, भुकेले. त्यांनी डोळे मिटून "आपद्धर्म" असं काहीतरी पुटपुटलं आणि पत्रावळ पुढे ओढली. सासूबाईंनी सगळ्यांना वाढलं.

आणि मामंजींनी दुसरा रोडगा मागितला. मग तिसरा. मामंजींचं जेवण दोन रोडग्यांचं, कधी अडीच. आमच्याकडे यजमानाचं जेवण झाल्याशिवाय पंगत उठत नाही, आणि तो खातोय तोवर बाकीच्यांच्या पत्रावळीवरही वाढावंच लागतं. म्हणजे ते जेवढं खातील, तेवढ्या वेळा सासूबाई त्या अख्ख्या रांगेतून तूप, वरण घेऊन जाणार आणि तेवढ्या वेळा त्या अख्ख्या रांगेला त्यांच्या हातचं घ्यावं लागणार. हे माझ्या लक्षात मामंजींच्या चौथ्या रोडग्याला आलं. शास्त्रीबुवांच्या तिसऱ्याला आलं असावं. त्यांनी मामंजींकडे जरा आदरानं पाहिलं आणि स्वतःही अजून एक घेतला.

पाचवा. मामंजींच्या कपाळावर घाम, घास गिळताना डोळे मिटलेले. माळी फाटकाशी उभा राहून उन्हाकडे बोट दाखवत होता. त्यांनी पत्रावळीवरून नजर न उचलता हात पुढे केला, सहाव्यासाठी.

सासूबाई रोडगा घेऊन आल्या. त्यांच्यासमोर थांबल्या. 

"पुरे," त्या म्हणाल्या. "मरून जाल."

नवऱ्याला चारचौघांत थेट बोललेले त्यांचे ते पहिले शब्द. मामंजींनी हात मागे घेतला, जेवण संपल्याची आपोष्णी घेतली आणि मी व वन्संनी दोन्हीकडून धरून त्यांना उठवलं. मग बायकांची पंगत बसली. सासूबाईंच्या एका बाजूला मी बसले. दुसरी बाजू बराच वेळ रिकामी होती. ऊन चिंचांच्या शेंड्यावर गेलं तेव्हा शास्त्रीणबाई आल्या, लुगडं आवरून तिथे बसल्या आणि समोर बघत, तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "कितीदा दाबावं लागतं हो ते?"